थांब, बुंदीला विचारते

शाळेच्या डायरीतलं एक पान एका मुलीच्या आईनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, तीच माझी आणि या घराची पहिली ओळख. ‘मुलगी हट्टी आहे. हजेरीलाही ओ देत नाही. पालकांनी येऊन भेटावे.’ खाली लाल शाईत सही.

मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीतली, राहायला सिंहगड रस्त्यावर. मी मुलांची थेरपिस्ट, तिला इथं चिऊ म्हणते. पालकांच्या लेखी परवानगीनं लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

पहिल्या भेटीला आईवडीलच आले, चिऊला मुद्दाम आणलं नव्हतं. आईनं मोबाइलवर घरचा एक व्हिडिओ दाखवला. आजीनं पत्ते खेळताना हळूच पान बदललं म्हणून ही बया कमरेवर हात ठेवून तिला झापत होती, तेही खणखणीत आवाजात. म्हणजे भाषा होती आणि आवाजही होता. पण उंबरठ्याबाहेर शब्द निघत नव्हता. दुकानदाराशी नाही, मामीशी नाही, बाईंशी तर नाहीच. केजीची दोन वर्षं ‘लाजाळू आहे, होईल’ म्हणण्यात गेली होती. मला जास्त काळजी वाटली ती आईनं जाता जाता सांगितलेल्या गोष्टीची. शूला जायचंय हे सांगता येत नाही म्हणून मुलगी शाळेत पाणीच पीत नाही, बाटली भरलेली नेते आणि भरलेली आणते.

कानांची तपासणी झाली, स्पीच थेरपिस्टनं भाषा पाहिली आणि बालमानसोपचारतज्ज्ञांनी निदान केलं: सिलेक्टिव्ह म्युटिझम. मराठीत ‘निवडक मूकता’ म्हणतात, आणि तो शब्द मला आवडत नाही, कारण त्यातून मूल गप्प राहणं निवडतं असं वाटतं. इंग्रजी नावाचंही तेच झालं होतं. ‘इलेक्टिव्ह म्युटिझम’ या जुन्या नावात इच्छेचा वास होता म्हणून मानसिक विकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात ते १९९४ साली बदललं आणि २०१३ साली हा प्रकार चिंताविकारांच्या गटात गेला. शंभरात एकाहून कमी मुलांमध्ये तो आढळतो. घशाशी आलेला शब्द भीतीनं तिथंच गोठतो, हट्टाचा त्याच्याशी संबंध नाही. हे वडिलांना पटायला तीन महिने लागले, पण त्याकडे नंतर येते.

या त्रासावर सगळ्यात भरवशाचा मार्ग पायरीपायरीचा आहे. मूल ज्याच्याशी बोलतं त्याच्याबरोबर ते बोलत असताना नवा माणूस दुरून हळूहळू जवळ सरकतो. बोलण्याचा आग्रह नाही, प्रश्न नाहीत, आणि बोललं तर कौतुकाचा गलकाही नाही. हा सांगाडा ठरलेला होता. प्ले थेरपी, म्हणजे खेळातून उपचार, ही त्याची जागा होती. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४७ साली मांडल्याप्रमाणे त्या खोलीत मूल पुढे चालतं, आपण मागून जातो. आमच्या बुंदी कुत्रीला या सगळ्यात कुठं बसवायचं, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

बुंदी गावठी आहे. पिवळसर अंगावर बारीक ठिपके आहेत, म्हणून बुंदी. वय पाच, वजन सोळा किलो. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांच्या डोळ्यांसमोर जाहिरातीतला सोनेरी केसाळ कुत्रा असतो आणि बुंदीला पाहून त्यांचा चेहरा पडतो. पण पुण्याच्या एप्रिलमध्ये ती पंख्याखाली निवांत असते, आणि मुख्य म्हणजे तिला अनोळखी माणसं मनापासून आवडतात. हा स्वभाव शिकवून येत नाही. तिला सांभाळणारा, मुलं ज्याला ‘दादा’ म्हणतात तो, प्रत्येक सत्रात खोलीत असतो. मी मुलाकडे पाहते, तो बुंदीकडे. दोन्ही कामं एकटीनं करणारे थेरपिस्ट आहेत. मला ते जमत नाही.

कुत्र्याला उपचारांच्या खोलीत आणण्याचं श्रेय न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांना जातं. एक अबोल मुलगा आणि त्याची आई वेळेच्या बरीच आधी येऊन पोहोचली, तेव्हा त्यांचा जिंगल्स हा कुत्रा खोलीतच होता. मुलगा आधी त्याच्याशी जवळीक करू लागला. लेव्हिन्सन यांनी १९६२ साली त्यावर लिहिलं. सुरुवातीला सहकाऱ्यांनी टिंगल केली. पुढे रीसा व्हॅनफ्लीट आणि ट्रेसी फा-थॉम्पसन यांनी प्ले थेरपीत प्राण्यांना सामील करण्याची शिस्तशीर पद्धत बसवली. त्यात मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक अट: प्राण्याला मूल हवं की नको, हेही प्रत्येक वेळी पाहायचं.

तयारीबद्दल आधी रूक्ष भाग. बुंदीचं रेबीजचं वार्षिक इंजेक्शन, इतर लसी, तीन महिन्यांनी जंतांचं औषध, गोचीड तपासणी, नखं. चिऊबद्दल पालकांना विचारलं: दमा, अ‍ॅलर्जी, कुत्र्याची भीती, पूर्वी चावा. ‘प्राण्यांना त्रास देते का’ हेही विचारलं, कारण तसं असेल तर मुलाला दयाळू बनवण्यासाठी कुत्रा वापरायचा नसतो, कुत्र्याला वाचवायचं असतं. ओरखडा उठला तरी पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुणं आणि डॉक्टरांकडे जाणं, कुत्रा लस घेतलेला असला तरी, हे लेखी दिलं. आपल्या गावात रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न केवढा आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. बुंदीशी जमलेली गट्टी रस्त्यावरच्या कुत्र्यावर आजमावायची नाही, हेही चिऊला चित्रं काढून शिकवलं.

आजींची संमती मात्र वेगळ्या वाटेनं आली. त्या साताऱ्याकडच्या, घरात सोवळं कडक. ‘कुत्रं शिवल्यावर पोरीला आंघोळ घालावी लागेल,’ इथपासून सुरुवात झाली. मी काहीच बोलले नाही. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाचंही कुत्रं असतंच, तेव्हा हरकत नाही, पण पहिला दिवस गुरुवारच धरा. आम्ही गुरुवार धरला.

चिऊ आली ती आईच्या ओढणीत तोंड खुपसून. मी ‘नाव काय तुझं’ विचारलं नाही. जमिनीवर बसले आणि बुंदी काय करतेय ते स्वतःशीच बोलत राहिले. ‘बुंदीनं चेंडू हुंगला. आता तिनं सोडून दिला.’ प्रश्न विचारायचा नाही हे सांगायला सोपं आहे. आईच्या घरच्या खेळाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ आम्ही नंतर एकत्र पाहिला, त्यात तिनं विचारलेल्या प्रश्नांनी चाळिशी ओलांडली होती. हा कुठला रंग, किती आहेत, याला काय म्हणतात. ती स्वतःच हसली. ‘अहो, मी तर परीक्षाच घेतेय.’ तिला आठवड्यातून एकदा अर्धा तास बिनप्रश्नांचा खेळ शिकवला. बर्नार्ड आणि लुईज गर्नी यांनी साठच्या दशकात आईवडिलांनाच खेळाचं तंत्र शिकवायला सुरुवात केली, त्याचंच हे घरगुती रूप.

बुंदी आवाजाप्रमाणे हातवाऱ्यांवरही शिकलेली आहे. तळहात खाली केला की बसते, पुढे धरला की नाक लावते, बोट गोल फिरवलं की बादलीला प्रदक्षिणा घालते. न बोलणाऱ्या मुलासाठी याचा अर्थ मोठा आहे. आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर कुणीतरी तिचं ऐकत होतं, तेही तिनं तोंड न उघडता. तिसऱ्या सत्रात तिनं बुंदीला बादलीभोवती इतक्या फेऱ्या मारायला लावल्या की दादालाच थांबवावं लागलं.

हात लावण्याचा नियम तीन मोजण्याचा. कुशीजवळ खालून हात न्यायचा, तीन मोजेपर्यंत कुरवाळायचं, हात उचलायचा. बुंदी जवळ सरकली तर पुन्हा, जागची हलली नाही किंवा मान वळवली तर बास. आणि खोलीच्या कोपऱ्यात तिची एक जुनी सतरंजी. तिच्यावर ती गेली की कुणीही जवळ जायचं नाही, हाक मारायची नाही, खाऊ दाखवायचा नाही. शेपूट हलतेय म्हणजे खूश, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं, ही कुत्र्याची ‘नको’ म्हणण्याची भाषा. नॉर्वेच्या टुरिड रूगोस यांनी यातल्या बऱ्याच खुणा लोकांना ओळखायला शिकवल्या. चिऊ या खुणा माझ्यापेक्षा लवकर शिकली. गप्प राहणाऱ्याला गप्प राहणाऱ्याची भाषा कळत असावी.

पाचव्या सत्रात मी माती खाल्ली.

आदल्या आठवड्यात तिचे ओठ हलताना मी पाहिले होते. बुंदीला खूण करताना ती आवाजाविना ‘बस’ म्हणत होती. मला हाव सुटली. मी म्हटलं, ‘बुंदीला आज हात नीट दिसत नाहीयेत वाटतं. हळूच नाव घेऊन बघ बरं.’ किती गोड आवाजात म्हटलं ते मला अजून आठवतं. चिऊचे खांदे कानांपर्यंत गेले, चेहरा दगडाचा झाला. बुंदीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, ओठ चाटले, मोठी जांभई दिली आणि सतरंजीवर जाऊन बसली.

‘पाहुण्यांना नाव सांग’ म्हणणाऱ्या काकांनी जे केलं असतं तेच मी केलं होतं, फक्त मध्ये कुत्री उभी करून. बुंदी माझ्या आगाऊपणामुळेच उठली की वीस मिनिटं होत आल्यानं कंटाळली म्हणून, हे छातीठोक सांगता येणार नाही. दादा म्हणतो ताणामुळे. मी मोठ्यानं म्हटलं, ‘मी घाई केली. बुंदीला नको होतं, ती सतरंजीवर गेली.’ आणि गप्प बसले. चिऊ सतरंजीपासून हातभर अंतरावर जाऊन बसली, उरलेला वेळ हललीच नाही. पुढच्या गुरुवारी आल्याबरोबर खडू घेतला आणि सतरंजीच्या चारी बाजूंनी जाड रेघ ओढली. मग माझ्याकडे पाहिलं. ती रेघ माझ्यासाठी होती हे कळायला मानसशास्त्र लागत नाही.

त्यानंतर आम्ही दाराचा खेळ सुरू केला. आत आई, चिऊ आणि बुंदी, दार बंद, मी आणि दादा बाहेर. दारातल्या काचेच्या झरोक्यातून दादाला बुंदी दिसत राहायची. आतलं बोलणं नेहमीच्या आवाजात चालू झालं की दार बोटभर उघडायचं, पुढच्या वेळी वीतभर. एरवी हे काम कंटाळवाणं असतं, पण चिऊनं त्याची गोष्ट करून टाकली. आईच्या कानात सांगून तिनं मला कावळा केलं. मी बाहेरून टकटक करायची, ‘चिऊताई चिऊताई, दार उघड.’ आतून आधी आईचा आवाज यायचा: ‘थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते.’ बाळ अर्थातच बुंदी. दुसऱ्या आठवड्यात, दार वीतभर उघडं असताना, आतून दुसराच आवाज आला. ‘थांब, बुंदीला पुसते.’ मग ‘थांब, बुंदीला तीट लावते.’ मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग आईला उद्देशून, मला ऐकू येईल अशा बेतानं, ‘कावळ्याला बाहेरच झोपू दे.’

पंधरा मिनिटं मी बाहेर पावसात भिजणारा कावळा होऊन उभी होते. लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना मला कावळ्याची दया येत आलीय. दाराबाहेर उभं राहिल्यावर पहिल्यांदा वाटलं की चिमणीची बाजू कुणी मांडतच नाही. घर तिचं, दार तिचं.

ऑगस्टअखेर मी खोलीत, तिच्याकडे पाठ करून, खेळभांड्यांत पोहे करत बसू शकत होते आणि ती आईशी व बुंदीशी नेहमीच्या आवाजात बोलत होती. माझ्याशी नाही. तेवढ्यात म्हात्रे पुलाजवळच्या नदीपात्राकडून ढोल-ताशांचा सराव संध्याकाळी इतका जोरात ऐकू येऊ लागला की बुंदीचे कान मागे गेले. आम्ही सत्रं सकाळी नेली आणि गणपतीचे दिवस बुंदी पूर्ण सुट्टीवर. चिऊला खरं कारण सांगितलं: बुंदीला मोठ्या आवाजाची भीती वाटते, तिच्यावर जबरदस्ती करायची नाही. तिनं मान हलवली. तिला हे समजावून सांगावं लागलं नाही.

गणपतीनंतरच्या सत्राला वडील आले. उंच, मोकळ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. हिंजवडीहून रजा काढून आलेले. आल्या आल्या ‘काय गं बुंदे!’ म्हणत त्यांनी वरून थेट डोक्यावर हात नेला. बुंदीनं मान वळवली.

‘बाबा, थांब. तिला नकोय. आधी विचार.’

मी होते, दादा होता, दार सताड उघडं होतं. टाळ्या वाजवायच्या नाहीत हे पालकांना बजावून ठेवलं होतं म्हणून बरं, आईनं ओढणीचं टोक तोंडात धरलं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे. ‘कसं विचारू?’ ते म्हणाले. चिऊनं दाखवलं: हात खालून, कुशीजवळ, एक, दोन, तीन, वर. त्यांनी तसं केलं. बुंदी दोन पावलं मागे सरली. ‘आता?’ ‘नाही म्हणाली ना ती.’ त्या दिवशी बुंदी त्यांच्याजवळ शेवटपर्यंत गेली नाही.

रात्री त्यांचा फोन आला. ‘मॅडम, कुत्रीसुद्धा आली नाही हो माझ्याकडे.’ हसत म्हणाले, पण लागलं होतं. त्या फोनवर जे निघालं ते आधीच्या तीन महिन्यांत निघालं नव्हतं. लहानपणी पाहुणे आले की त्यांचे वडील त्यांना मधोमध उभं करून पावकी-निमकी म्हणायला लावायचे, आणि चुकलं की सगळ्यांदेखत टपली. ‘मी म्हणायचो. मेलो तरी म्हणायचो. मग हिला साधं नाव सांगायला काय होतं?’ ऑफिसातले मित्र घरी आले आणि मुलगी दारामागे गेली की त्यांना आपलाच अपमान झाल्यासारखं वाटायचं. मी त्यांना काही समजावलं नाही. एवढंच विचारलं, की सतरंजी असती तर तुम्ही गेला असतात का. ते बराच वेळ बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी घरच्या हॉलमध्ये एक सतरंजी पडली. चिऊ त्यावर असली की कुणी तिला बोलायला, नमस्कार करायला, गाणं म्हणायला सांगायचं नाही. मला थोडी धास्ती होती की ती दिवसभर तिथंच बसेल, कारण चिंतेला पळवाट दिली की ती वाढते हेही खरं. म्हणून सतरंजीचा उपयोग पाहुण्यांपुरता, आणि दर वेळी उतरल्यावर एक छोटी पायरी, मग ती नुसतं पाण्याचं भांडं नेऊन देण्याची का असेना. भाऊबीजेला मामानं विचारलंच, ‘काय गं, मिठाची गुळणी धरलीस काय?’ तर आजी स्वयंपाकघरातून ओरडल्या, ‘ती सतरंजीवर आहे!’ हे मला आईनं सांगितलं. सोवळ्याच्या नियमांवर उभं आयुष्य काढलेल्या बाईला ‘शिवायचं नाही’ हे घरात सगळ्यांत आधी कळलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं मागे गेलं. शाळेत दगड, आमच्याकडेही दोन सत्रं एक शब्द नाही. फटाक्यांनी बुंदीही पलंगाखाली गेली होती आणि आम्ही तिला आणलं नव्हतं. चिऊ तिसऱ्या आठवड्यात आईला म्हणाली, माझ्यासमोर, ‘बुंदी किती दिवस पलंगाखाली होती ते विचार.’ दादानं सांगितलं, चार. तिनं बोटांवर मोजलं.

शाळेचं काम समांतर चालू होतं आणि खरं तर तेच मुख्य होतं. पहिल्याच महिन्यात बाईंशी बोलून शूसाठी एक रंगीत कार्ड ठरवलं, बाकावर उलटं ठेवलं की जायचं. पाण्याची बाटली रिकामी घरी येऊ लागली, आणि माझ्या दृष्टीनं तो या प्रकरणातला पहिला विजय. हजेरीला हात वर केला तरी चालेल असं बाईंनी मान्य केलं, वाचन घरी रेकॉर्ड करून ऐकवलं. डायरीत ‘हट्टी’ लिहिणाऱ्या याच बाई पुढे शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबून दाराचा खेळ खेळल्या. मार्चपर्यंत चिऊ मधल्या सुट्टीत दोन मैत्रिणींशी बोलत होती आणि बाईंना कधीमधी पुटपुटत ‘हजर’ म्हणत होती. पीटीच्या सरांशी अजून नाही. आमच्याकडे दादाशी छान बोलते, माझ्याशी तुटक, कामापुरतं. कावळ्याला अजून पूर्ण माफी नाही.

बावीस सत्रांपैकी बुंदी तेरांमध्ये होती. ती नसती तर किती वेळ लागला असता हे एका मुलीवरून सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. ‘कुत्रा निरपेक्ष प्रेम देतो म्हणून मुलं बरी होतात’ असं पालक म्हणतात तेव्हा मात्र मला चिऊची खडूची रेघ आठवते. बुंदी तिच्यावर प्रेम करत होती की नाही, ठाऊक नाही. ती उठून जाऊ शकत होती आणि तिला कुणी ओढून परत आणत नव्हतं, हे चिऊनं दर गुरुवारी पाहिलं.

जूनमध्ये दुसरी, वर्गशिक्षिका नवीन. म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीपासून. शाळा कुत्र्याला परवानगी देणार नाही आणि ते योग्यच आहे, पन्नास अनोळखी मुलांच्या गलक्यात बुंदीलाही मी नेणार नाही. शाळा सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात रिकाम्या वर्गात आई, आजी आणि चिऊ पत्ते खेळणार आहेत, आजीनं पान बदलायचं नाही या अटीवर. नव्या बाई दाराबाहेर.